तरूचं पाणी तोडताना

यंदाच्या अंकाचा विषय ‘ताण’ आहे, असं संपादकांनी जूनमध्ये फोनवर सांगितलं आणि पाठोपाठ यादीही ऐकवली. परीक्षेचा ताण कुणी घेतला होता, नोकरीतला कुणी, म्हाताऱ्या आईवडिलांच्या सेवेतला कुणी. “तुम्हाला जो सुचेल तो घ्या,” ते म्हणाले. मला तंबाखूचा सुचला. पलीकडे क्षणभर शांतता. त्यांना वाटलं, मी व्यसनमुक्तीवर लिहिणार.

आमच्या भागात वाढलेल्या माणसाच्या कानावर हा शब्द पहिल्यांदा रानातच पडतो. पावसानं ओढ दिली की पिकाला ताण बसतो. डाळिंबवाला तर आपणहून बागेला ताण देतो, पानं गाळू देतो आणि मग नेमक्या दिवशी पाणी सोडून ताण ‘तोडतो’. ताण बसतो, ताण देतात, ताण तोडतात. माणसाच्या मनाविषयी बोलताना आपल्याकडं एवढी क्रियापदं नाहीत. झाडाला ताण बसतो म्हणजे आत नेमकं काय होतं, हे बघायला मी ऑगस्टमध्ये निपाणीला गेलो.

कागल सोडून कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्या कन्नड होतात, बोलणं मराठीच राहतं. निपाणीचं देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. पोरं कर्नाटकातून चालत महाराष्ट्रात तासाला जातात आणि चहाला परत कर्नाटकात येतात. १९५६ साली रेघ इथून ओढली गेली, मातीनं काही ती मानली नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना तेच काळं रान आणि त्यात कित्येक पिढ्या तीच विडीची तंबाखू. निपाणी म्हणजे तंबाखूच्या वखारी, निपाणी म्हणजे १९८१ सालचं शरद जोशींचं तंबाखू आंदोलन, महामार्ग अडवून बसलेले शेतकरी आणि शेवटी झालेला गोळीबार. वखारीतल्या जर्द्याच्या धुरळ्यात राबणाऱ्या बायकांनी बांधलेल्या संघटनेवर छाया दातारांनी १९८९ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. माणसांच्या ताणाचा इतिहास या गावात भरपूर आहे. मी मात्र झाडाकडं आलो होतो.

लाडावलेलं रोप

नदीपासून लांब, जिथं उसाचं पाणी पोचलेलं नाही अशा एका रानाच्या कडेला तरूचे वाफे होते. तरू म्हणजे लावणीची रोपं. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त बिया बसतात. नुसतं फेकलं तर वाऱ्यावर जाईल किंवा एकाच जागी दाट पडेल, म्हणून ते राखेत नाहीतर वाळूत कालवून पसरतात. दीड-पावणेदोन महिन्यांत रोप लावणीला येतं.

वाफ्यावर साठीच्या एक काकी होत्या. शेजारी पाण्याची झारी उलटी करून ठेवलेली. रोपं लावणीला आलेली दिसत होती, पण भर दुपारी सगळ्यांनी माना टाकल्या होत्या. मला वाटलं, पाणी द्यायचं राहिलं.

“राहिलं न्हाई, तोडलंय,” काकी म्हणाल्या. “उपटायच्या आधी चार-पाच दिस पाणी तोडायचं असतंय.”

“वाळून नाही का जाणार?”

“दुपारी मान टाकतंय, टाकू दे की. सांजंला उभारतंय. सकाळी सकाळी बी पडल्यालं दिसलं, तर मग तेवढं शिपडायचं.” मग माझ्या वहीकडं बघत त्यांनी एक वाक्य टाकलं, ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. “लाड केल्यालं रोप रानात टिकत न्हाई, सर.”

दुपारची मान आणि सकाळची मान यांत काकी जो फरक करत होत्या, तो वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही आहे. दुपारी पानातून जाणारं पाणी मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून पान लोंबतं. रात्री हिशेब जुळतो. पहाटेलाही जुळला नाही, तर मुळाशीच पाणी उरलेलं नाही असं समजायचं. काकींना ही पानं पाहून कळतं, प्रयोगशाळेत यासाठी पहाटे उठून पान एका दाबाच्या भांड्यात कोंबावं लागतं.

पुढं या रोपावर जे येणार आहे, ते बघितलं की पाणी तोडण्यामागची घाई कळते. लावणीच्या वेळी प्रत्येक खड्ड्यात थोडं पाणी, बस्स. त्यानंतर पाऊस हळूहळू काढता पाय घेतो आणि झाड जमिनीच्या पोटातल्या ओलीवर माघापर्यंत उभं राहतं. मधल्या काळात माणसाच्या हातात उरते फक्त कोळपणी. भेगा बुजवायच्या, वरचा थर भुसभुशीत ठेवायचा, म्हणजे खालची ओल वर चढून उडून जात नाही.

बाटलीतली तंबाखू

आता थोडं लांब जावं लागेल, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात. १९८०च्या दशकात तिथल्या पर्ड्यू विद्यापीठात रे ब्रेसन, पॉल हासेगावा, नरेंद्र सिंग आणि त्यांचे सहकारी काचेच्या बाटल्यांत तंबाखू वाढवत होते. झाडं नव्हेत, नुसत्या पेशी. पोषक द्रावात तरंगणारा पिवळट गाळ म्हणा. प्रश्न असा होता की या पेशींना मीठ सहन करायला शिकवता येईल का.

पाण्याच्या ताणाशी मिठाचा काय संबंध, असं वाटेल. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं, ते आठवा. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. कोरडी माती आणि खारी माती पेशीला सुरुवातीला सारखीच वाटते. पाणी आहे, पण आत यायला तयार नाही.

साध्या द्रावातल्या पेशी एकदम खाऱ्या द्रावात टाकल्या तर त्या बहुतेक मरतात. पर्ड्यूच्या मंडळींनी मीठ टप्प्याटप्प्यानं वाढवलं. शेवटी लिटरला २५ ग्रॅम मिठात त्या पेशी वाढू लागल्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यावरून अंदाज यावा. या सरावलेल्या पेशींतली प्रथिनं वेगळी करून पाहिली तेव्हा एक जाड पट्टा उठून दिसला. २६ किलोडाल्टन वजनाचं एक प्रथिन. साध्या पेशींत नावापुरतं, आणि सरावलेल्या पेशींत एकूण प्रथिनांच्या १२ टक्क्यांपर्यंत. शंभर जणांच्या घरात बारा जण एकाच कामाला लागलेले. १९८७ साली सिंग आणि सहकाऱ्यांनी त्याचं तपशीलवार वर्णन केलं. परासरणाचा, म्हणजे ऑस्मोसिसचा, ताण सोसताना दिसलं म्हणून नाव ऑस्मोटिन.

या प्रथिनाचं गणगोत मजेदार आहे. त्याची रचना थॉमॅटिन नावाच्या प्रथिनाशी जुळते, जे पश्चिम आफ्रिकेतल्या एका फळात सापडतं आणि साखरेपेक्षा कित्येक पटींनी गोड असतं. ऑस्मोटिनला तो गोडवा मिळालेला नाही. (निपाणीच्या जर्द्याची गोडी लागते ती निकोटिनमुळं, आणि ती कर्करोगापर्यंत नेते. हे सगळं कौतुक झाडाचं आहे, विडीचं नाही.) दुसरं म्हणजे ते बुरशीशीही लढतं. १९९४ साली बटाट्यात ऑस्मोटिन जास्त तयार होईल अशी व्यवस्था केल्यावर करप्याची लक्षणं उशिरा दिसली. पाणी तुटलं तरी तेच, बुरशी आली तरी तेच, जखम झाली तरी तेच. जुन्या वाड्यात एकच गडी असतो, जो विहिरीचं पाणीही ओढतो आणि रात्री काठी घेऊन पहाराही देतो, तशातला हा प्रकार.

माझ्या डोक्यात राहिलं ते मात्र ‘टप्प्याटप्प्यानं’. काकी वाफ्यात तेच करत होत्या. मी काही त्यांच्या रोपाचं पान वाटून प्रथिनं मोजली नाहीत, आणि चार दिवसांच्या कोरडेपणानं रोपात एवढा एकच बदल होतो असंही नाही. पान जाडावतं, त्यावरचा मेणाचा थर वाढतो, वाढ थांबून साखर साठते, मूळ पाण्याच्या शोधात खाली जातं. पण तत्त्व तेच: थोडा ताण आधी दिला तर मोठ्या ताणाची तयारी होते. बेंगळूरुच्या कृषी विद्यापीठात पीक-शरीरक्रियाशास्त्राच्या विभागानं यावरून वाण निवडण्याची पद्धतच बसवली. मोडाएवढ्या रोपांना आधी हळूहळू वाढणारी उष्णता द्यायची, मग मारक उष्णता. थेट मारक उष्णतेत टाकलेली रोपं जातात, सरावलेल्यांपैकी काही तगतात. कोणत्या वाणाची किती तगली, यावरून त्याची खरी कुवत कळते. न शिकवता परीक्षा घेतली तर सगळेच नापास होतात आणि हुशार कोण ते कधीच समजत नाही.

मुळाचा निरोप

शेजारच्या रानात दोन दिवसांपूर्वी लावण झाली होती. दुपारी दोनला मी बांधावर बसलो. रोपं जमिनीला टेकलेली. रानाचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, झाडाखाली निवांत पडले होते. त्यांना काळजी दिसत नव्हती, म्हणून मलाही वाटेनाशी झाली.

वरून मेल्यासारखं दिसणारं ते रोप आतून फार कामात असतं. पानावर सूक्ष्म तोंडं असतात, पर्णरंध्रं. प्रत्येक तोंडाला दोन ओठ, म्हणजे दोन रक्षक पेशी. त्या पाण्यानं फुगल्या की तोंड उघडतं, मऊ पडल्या की मिटतं. उघडलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. झाडाला एकाच तोंडानं जेवावं लागतं आणि त्याच तोंडानं पाणी गमवावं लागतं. पाणी वाचवायचं तर उपास धरायचा, दुसरा मार्ग नाही.

तोंड मिटण्याचा हुकूम अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाच्या संप्रेरकाकडून येतो. १९६०च्या दशकात ते सापडलं, पण ते पेशीत कोणत्या प्रथिनाला जाऊन चिकटतं हे पक्कं व्हायला २००९ साल उजाडलं. ते ग्राहक प्रथिन एरवी मोकळं असतं. संप्रेरक चिकटलं की ते एका ब्रेक लावून बसलेल्या प्रथिनाला पकडतं, ब्रेक सुटतो, रक्षक पेशींतले क्षार बाहेर पडतात, मागोमाग पाणी, आणि ओठ मिटतात. काही मिनिटांचं काम.

पण कोरडेपणा कळतो मुळाला आणि तोंडं असतात पानाला. मग निरोप कोण नेतं? मूळच अ‍ॅब्सिसिक आम्ल तयार करून वर पाठवतं, असं पुष्कळ वर्षं मानलं जात होतं. २०१८ साली जपानमधल्या फुमिनोरी ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या झाडात दाखवलं की मूळ प्रथिनाचा एक अगदी लहान तुकडा वर धाडतं. सीएलई-२५ त्याचं नाव. जेमतेम डझनभर अमिनो आम्लांची चिठ्ठी. ती पानात पोचली की पान स्वतःच अ‍ॅब्सिसिक आम्ल बनवायला घेतं.

हा झाला तातडीचा इलाज. खरा संसार पुढं सुरू होतो. त्याच संप्रेरकाच्या इशाऱ्यानं पेशीच्या केंद्रकात शेकडो जनुकं जागी होतात आणि नव्या प्रथिनांची भट्टी लागते. काही प्रथिनं प्रोलीनसारखे विद्राव्य पदार्थ बनवतात, म्हणजे पेशीच्या आतलं द्रावण घट्ट होतं आणि पाणी आत थांबतं. कैरीच्या उलटा खेळ. काही प्रथिनं पेशीच्या पटलातल्या पाण्याच्या झडपा असतात. या झडपा पीटर अ‍ॅग्रे यांना १९९२ साली माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत सापडल्या, त्यांना २००३ साली नोबेल मिळालं. झाडंही त्या हवं तसं उघडतात, बंद करतात. काही प्रथिनं दुसऱ्या प्रथिनांचा हात धरून त्यांना विस्कटू देत नाहीत. आणि या गर्दीत ऑस्मोटिन.

या भट्टीला वेळ लागतो. काही तास, काही दिवस. माझ्या मते सगळी गोम इथं आहे. हलक्या माळरानावर ओल झपाट्यानं जाते आणि झाडाची तयारी व्हायच्या आत ताण मानेवर येऊन बसतो. निपाणीच्या खोल काळ्या जमिनीत ओल कणाकणानं कमी होते. इथली तंबाखू कोरडवाहू टिकली, त्याचं श्रेय आपण मातीच्या ‘पाणी धरून ठेवण्याला’ देतो. मी म्हणेन, ही माती पाण्याइतकाच वेळ धरून ठेवते. कोळपणी करणारा माणूस बैलामागं चालत झाडासाठी आणखी आठवडाभर विकत घेत असतो.

उलटंही तितकंच खरं. पाणी मिळालं की झाड ही सगळी मांडणी भराभर मोडतं. अ‍ॅब्सिसिक आम्ल काही तासांत तोडून टाकलं जातं, साठवलेलं प्रोलीन खाऊन फस्त होतं, तोंडं उघडतात, वाढ सुरू. ताणाची प्रथिनं बनवणं महागडं असतं. सुकाळात पहारेकरी पोसणं झाडाला परवडत नाही.

साडेतीनच्या सुमाराला एक ढग आला आणि अण्णा उठून बसले. रोपांची पानं किंचित वर आली होती की मला तसं वाटलं, कोण जाणे. “चला, च्या घिऊ,” अण्णा म्हणाले.

बियाच्या पोटात

चहा पिताना काकींनी पुढच्या वर्षीसाठी ठेवलेलं बी दाखवलं. एका जुन्या डब्यात, फडक्यात बांधलेलं. वर्षभर पाण्याचा थेंब नाही, तरी जिवंत. पाण्याच्या ताणाची कमाल पातळी कुठं बघायची असेल तर ती बियातच. बी पक्व होताना आपणहून वाळतं, आणि त्या शेवटच्या दिवसांत त्यात एका जातीची प्रथिनं ठासून भरली जातात. जॉर्जिया विद्यापीठातल्या लिऑन ड्युअर यांना ती १९८१ साली कपाशीच्या सरकीत दिसली. गर्भ पोसण्याच्या अगदी शेवटी उदंड होणारी म्हणून त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एलईए’ म्हणतात, आपण ‘ली’ म्हणू.

ली प्रथिनांचा स्वभाव बाकी प्रथिनांच्या उलटा आहे. अंड्याचा पांढरा बलक उकळला की गोठतो, कारण उष्णतेनं प्रथिनाची घडी मोडते. ही प्रथिनं उकळली तरी बरीचशी पाण्यात विरघळलेलीच राहतात. मोडायला मुळात घडीच नसते. भरपूर पाण्यात ती सैल दोऱ्यासारखी असतात आणि पाणी कमी होऊ लागलं की त्यांतली बरीच आकार धरू लागतात. वाळताना पेशीतले अवयव एकमेकांना चिकटून फाटू नयेत म्हणून ती मधे पसरतात. काचेच्या बरण्या हलवताना मधे वर्तमानपत्र कोंबतो तसं. साखर घट्ट होऊन काचेसारखी बनते आणि सगळं जागच्या जागी थिजतं. बी म्हणजे मेलेलं नव्हे, नीट बांधून ठेवलेलं बिऱ्हाड.

बी वाळून जगतं. मोठं झाड वाळलं की संपतं. काही वनस्पतींनी मात्र बियाची ही विद्या पानांतही आणली आहे. बेळगावातून पश्चिमेला आंबोली-चोर्ल्याकडं निघालं की जांभ्याचे सडे लागतात. पावसाळ्यात तिथं पाणी तुंबतं, उन्हाळ्यात पाय भाजतात. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आंबोलीजवळच्या सड्यावर मी कातळाच्या खाचेतल्या तपकिरी, चुरचुरीत गवतावर बाटलीतलं पाणी ओतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिलं तर बुडाशी हिरवं. ते गवत अंगातलं बहुतेक पाणी गमावून महिनोन्‌महिने पडून राहतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले मंदार दातार आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटात अशा ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत. त्याआधी माहीत होत्या अवघ्या नऊ. ६२ पैकी १६ फक्त भारतात आणि त्यांतल्याही १२ फक्त पश्चिम घाटातल्या कातळांवर आढळतात. आपण ज्यांना ‘पडीक सडा’ म्हणतो आणि खाणीला देऊन टाकतो, तिथं हे बिऱ्हाड बांधलेलं असतं.

येळ्ळूरच्या वासाचा हिशेब

निपाणीहून बेळगावला आलो की माझे पाय येळ्ळूरकडं वळतातच. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातला बासमती हा बेळगावकरांच्या अभिमानाचा विषय. शिवार शहरानं आणि रस्त्यांनी खाल्लं, आणि ‘पूर्वी भात शिजलं की गल्लीला कळायचं’ हे वाक्य आता प्रत्येक घरात ऐकू येतं.

तांदळाच्या या वासामागंही पाण्याच्या ताणाशी नातं असलेलं एक प्रथिन आहे, पण इथं ते मोडलेलं असतं. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की बहुतेक सुवासिक जातींत आठव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातली आठ अक्षरं गळालेली असतात. त्यामुळं बीएडीएच-२ हे विकर नीट तयार होत नाही, आणि ते ज्या पदार्थाचा फडशा पाडायचं तो साठून त्याचं सुगंधी द्रव्य होतं. हेच विकर ज्या कुळातलं आहे, ते कूळ इतर कित्येक वनस्पतींत ग्लायसीन बिटेन बनवतं, म्हणजे पेशीत पाणी धरून ठेवणारं द्रव्य. आणि सुगंधी द्रव्याचा कच्चा माल ज्या वाटेनं येतो तिच्यावर पुन्हा आपलं प्रोलीन उभं आहे. दाणा भरताना थोडा ताण बसला तर सुवासिक भाताचा वास वाढतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. येळ्ळूरच्या एका आजोबांना मी हे सांगितलं. ते हसले. “मग नळाचं पाणी, बोअरचं पाणी द्यायला लागलो, वास जाणारच की,” ते म्हणाले. विज्ञान एवढ्या सरळ रेषेत जात नाही. वाण भेसळला, खत बदललं, रात्रीचा गारवा कमी झाला, कारणं अनेक. पण आजोबांचं वाक्य मी खोडलं नाही.

एका जनुकावर भिस्त

ऑस्मोटिनसारखं एखादं प्रथिन हाती लागलं की पुढचा विचार कुणालाही सुचेल: त्याचं जनुक दुसऱ्या पिकात घाला, पीक दुष्काळाला पुरून उरेल. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत २००१ साली तंबाखूतच ऑस्मोटिनचं प्रमाण वाढवून पाहिलं. प्रोलीन वाढलं, झाडांनी ताण जास्त सोसला. नंतर टोमॅटोपासून कित्येक पिकांत ते घालून झालं आहे. कुंडीतले फोटो बघण्यासारखे असतात. डावीकडं सुकलेलं, उजवीकडं ताठ.

कुंडीतून रानात येताना मात्र हिशेब बदलतो. कुंडीत प्रश्न असतो, झाड जगलं का? शेतकऱ्याचा प्रश्न असतो, पोती किती झाली? ताण सोसणारं झाड तोंड मिटून उपाशी बसतं. ते जगतं, पण पिकत नाही. तोंड उघडं ठेवणारं पिकतं, पण पाऊस लांबला तर जातं. त्यात रानातला ताण कधी एकटा येत नाही, बरोबर ऊन आणतो, कीड आणतो. अमेरिकेत एका जिवाणूचं प्रथिन घातलेला मका २०११ च्या शेवटी मंजूर झाला, पण दुष्काळ काही त्यानं पुसला नाही. आपल्याकडं ४ मे २०२५ रोजी दिल्लीत ‘पुसा डीएसटी राइस १’ हा जनुक-संपादित भात जाहीर झाला. त्यात बाहेरचं काही घातलेलं नाही, उलट पर्णरंध्रं मिटायला अडकाठी करणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक निकामी केलं आहे. कल्पना मला आवडली. वाढीव उत्पादनाच्या दाव्यांवर मात्र लगेच वाद सुरू झाला, आणि तो कागदावर नव्हे, शेतकऱ्यांच्या चार-दोन वाईट हंगामांत मिटेल.

वाईट हंगाम म्हणजे कसा, ते इथल्या लोकांना सांगायला नको. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्या महिन्यात फुलोऱ्यातल्या सोयाबीनची काय दशा झाली, ते अण्णांनी बोटांनी शेंग दाबल्याचा अभिनय करून दाखवलं. आत काही नाही. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २०२१ च्या जुलैत, वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं होतं आणि पुणे-बेंगळूरु वाहतूक ठप्प झाली होती. अशा हवामानात ताण हळूहळू येतच नाही. जुलैपर्यंत मुळाशी पाणी तुंबलेलं, म्हणून मूळ उथळ. ऑगस्टमध्ये अचानक ऊन. भट्टी पेटायला वेळच मिळत नाही. म्हणून मला एका चमत्कारी प्रथिनापेक्षा मुळांची खोली, जमिनीतला सेंद्रिय अंश आणि कोळपणीचा माणूस यांची चिंता जास्त वाटते. पण यांचे फोटो काही कुंडीतल्यासारखे निघत नाहीत.

नदीकाठी तर प्रश्नच निकाली निघालाय, निदान वरवर. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी जिथं मोटरनं चढलं, तिथं तंबाखू गेली आणि ऊस आला. उसाला ताण कसा तो माहीत नाही, आणि त्याला पाणी देणाऱ्या पोरालाही हळूहळू माहीत राहणार नाही. कोळपी आता गोठ्याच्या आढ्याला टांगलेली दिसतात. तंबाखू कमी झाली याचं वाईट वाटायचं कारण नाही. तिच्याबरोबर कोरडवाहू रान वाचायची नजर चालली आहे, ती मात्र डाळीलाही उपयोगी पडली असती.

परतीच्या वाटेवर

बेळगावातून तीन दिवसांनी परत येताना पुन्हा काकींच्या वाफ्यावर थांबलो. हिशेबानं तो पाणी तोडल्याचा पाचवा दिवस, म्हणजे उपटणीचा. बायका रानात दिसतील, पाट्या भरताना बघू, असा बेत होता. बांधावर कुणीच नव्हतं. रस्त्याकडेच्या चरात पाणी साचलेलं. आदल्या रात्री चांगली तासभर सर येऊन गेली होती.

तरू बघण्यासारखा झाला होता. पानं ताठ, हिरवी, थेंब अंगावर धरून बसलेली. मागं बघितलेल्या मरगळीपुढं हे फारच सुंदर दिसत होतं आणि काकी आल्या तसं मी ते बोलूनही गेलो. “काय टवटवीत झालंय हो!”

“त्येच तर,” काकींनी तोंड वाकडं केलं. “परत माजलं.”

त्यांनी वाकून एक रोप उपटलं, देठ दोन बोटांत धरून वाकवला, तो कट्‌ करून मोडला. मग हात लुगड्याला पुसला आणि आभाळाकडं बघितलं.

“आता पयल्यापास्नं मोजायचं. आज एक.”